उंदीर पडले, तेव्हा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या गावांत "उंदीर पडले" एवढं कुणी म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. कणगीमागून, आढ्यावरून उंदीर बाहेर यायचा, झिंगल्यासारखा भिंतीच्या कडेनं फिरायचा आणि माणसांच्या देखत मरून पडायचा. मग दाराला कुलूप, गाडीत धान्य आणि चार भांडी, आणि गावाबाहेर माळावर झोपड्या. घरातल्या उंदराचा आपल्या जांघेतल्या प्लेगच्या गाठीशी काय संबंध, हे त्या माणसांना ठाऊक नव्हतं. कुणी देवीचा कोप म्हणे, कुणी हवा बिघडली म्हणे. पण उंदीर पडले की घर सोडायचं, हे पहिल्या एक-दोन साथींनंतर पक्कं झालं होतं. आणि आज मागे वळून पाहिलं तर त्या पहिल्या वर्षांत प्लेगवर जे जे म्हणून केलं गेलं, त्यात लस सोडली तर या एका उपायानं जेवढे जीव वाचवले तेवढे दुसऱ्या कशानंही वाचवले नसतील.

रोग कशामुळे होतो याविषयी डोक्यात जी कल्पना असते, तीच हात कुठे जाणार ते ठरवते. हवा वाईट म्हटलं की हात खिडकीकडे आणि गटाराकडे जातो. स्पर्श वाईट म्हटलं की माणसाच्या दंडाकडे जातो, त्याला धरून वेगळं ठेवायला. जंतू म्हटलं की सूक्ष्मदर्शकाकडे आणि बाटलीकडे. वैद्यकाचा इतिहास आपल्याला शाळेत असा सांगितला जातो, की आधी अज्ञान होतं, मग पाश्चर आणि कॉख आले आणि उजेड पडला. प्रत्यक्षात जुन्या कल्पना गेल्याच नाहीत. एकीवर एक थर चढत गेले आणि आजचं वैद्यक त्या सगळ्या थरांवर उभं आहे. हे थर एकाच वेळी, एकाच शहरात, एकमेकांशी झगडताना पाहायचे असतील तर १८९६ ते १९०८ ची मुंबई पाहावी.

त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे अख्खा मुलूख उजाड करणाऱ्या साथींचा आहे. तिथे शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, की माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं. मग एकाच वेळी एकाच रोगानं सगळे कसे मरतात? प्रश्न फार मोलाचा आहे. ज्या शास्त्रात प्रत्येक रोग्याचे दोष वेगळे तपासायचे, त्याच शास्त्राच्या आतून उठलेली ही शंका आहे. उत्तर असं येतं, की माणसं वेगळी असली तरी चार गोष्टी सगळ्यांना सामाईक असतात: वायू, उदक, देश आणि काळ. त्या बिघडल्या की सगळे एकत्र आजारी पडतात. बिघडलेल्या देशाची जी लक्षणं तिथे दिली आहेत, त्यांत सरपटणारे प्राणी, डास, टोळ, माश्या आणि उंदीर यांची गर्दी मोजली आहे. उंदीर तिथे खूण म्हणून आला आहे, कारण म्हणून नव्हे. पण निरीक्षण करणाऱ्याची नजर योग्य जागी पडली होती.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. हिप्पोक्रेटिसपासून गेलनपर्यंत रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार द्रवांचा समतोल म्हणजे आरोग्य, आणि साथीचं कारण दूषित हवा. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा'. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांची शहरं घाणीनं भरली तेव्हा या कल्पनेला नवं बळ आलं. एडविन चॅडविकनं १८४२ मध्ये इंग्लंडमधल्या श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. त्याच्या दृष्टीनं वास हाच रोग. म्हणून १८४८-४९ च्या पटकीच्या (कॉलराच्या) साथीत लंडनची गटारं जोरात धुऊन काढण्यात आली आणि सगळी घाण टेम्स नदीत गेली. वास गेला. पण लंडनच्या मोठ्या भागाचं पिण्याचं पाणी त्याच नदीतून येत होतं. पटकी पाण्यातून पसरते असं डॉक्टर जॉन स्नो १८४९ पासून सांगत होता, आणि १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू मोजून त्यानं ते दाखवलं, तरी अधिकाऱ्यांना पटलं नाही.

गंमत वाटावी असं वळण यानंतर येतं. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सचा वास असह्य झाला, म्हणून अभियंता जोसेफ बॅझलजेटला भूमिगत गटारांचं मोठं जाळं बांधायला पैसे मिळाले. हेतू वास घालवण्याचा, म्हणजे चुकीचा. परिणाम असा, की मैला शहराच्या खाली, नदीच्या मुखाकडे गेला आणि पाणी सुधारलं. १८६६ ची पटकी लंडनच्या पूर्व भागातच भडकली, जिथे हे जाळं अजून पुरं झालं नव्हतं. पटकीचा जंतू कॉखला कलकत्त्यात सापडला १८८४ मध्ये. म्हणजे चुकीच्या सिद्धांतानं रोग हटवला आणि बरोबर सिद्धांत अठरा वर्षांनी आला.

मुंबईच्या आरोग्यखात्याचं शिक्षण याच परंपरेत झालं होतं.

सप्टेंबर १८९६. मांडवी, धान्याच्या गोदामांचा भाग. गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी तिथल्या रोग्यांत तीव्र ताप आणि जांघेत-काखेत सुजलेल्या गाठी पाहिल्या आणि हा गाठीचा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं. ते महापालिकेच्या स्थायी समितीवर होते, त्यामुळे बोलणं नोंदीत गेलं. जंतू दोन वर्षांपूर्वीच सापडलेला होता: जून १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिननं गाठीतला द्रव काढून तो पाहिला होता, आणि तिथले मेलेले उंदीर तपासून त्यांच्यातही तोच जंतू असल्याचं लिहून ठेवलं होतं. म्हणजे मुंबईत साथ आली तेव्हा रोगजंतू माहीत होता, उंदरांवरचा संशयही छापून आला होता. तरी शहराचा हात गेला तो गटारांकडे.

समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक ओतून गटारं रोज धुतली जाऊ लागली. चाळींच्या खोल्यांना चुना मारला गेला, मातीच्या जमिनी उकरल्या, ऊन आत यावं म्हणून कौलं काढली, अंथरुणं जाळली. ज्या घरात वस्ती करू नये असं वाटलं त्याच्या भिंतीवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली: यू, एच, एच. माणसाला राहायला अयोग्य. हे सगळं करणारी माणसं निष्काळजी नव्हती. त्यांनी जिवापाड मेहनत केली. पण गटारात पाण्याचा लोंढा सोडला तर त्यातल्या घुशी बुडून मरत नाहीत, वरच्या बिळांतून कोरड्या जागी, म्हणजे घरांत शिरतात. कौलं काढली तर आढ्यावरचा काळा उंदीर शेजारच्या चाळीत जातो. घर पाडलं तर सगळी वसाहतच हलते. जंतू वाहून नेणाऱ्या प्राण्याला हुसकून शहरभर पसरवण्याचा जणू हा पद्धतशीर कार्यक्रम होता, आणि तो करणाऱ्या कुणालाही तसं वाटण्याचं कारण नव्हतं.

फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या आसपासच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली.

मग दुसरा सिद्धांत पुढे आला, संसर्गाचा. हाही जुना. १३७७ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा बंदरानं बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवण्याचा नियम केला. पुढे ते ४० दिवस झाले आणि चाळीसच्या इटालियन शब्दावरून क्वारंटाईन हे नाव आलं. मुंबईत त्याला कायद्याचं रूप मिळालं: ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. उणीपुरी चार कलमं. सरकारला वाटेल ते नियम करायची मुभा, न पाळणाऱ्याला शिक्षा, आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला नाही. त्याखाली घराघरांची झडती, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत, रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपणं. मुंबईत गिरणी कामगारांनी त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात शिरले, देवघरांत बूट गेले, बायकांची उघड्यावर तपासणी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलं ते मराठी माणसाला सांगायला नको. त्याच वर्षीच्या १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या होत्या, रोग्यांची सेवा करता करता.

या कडकपणानं किती फायदा झाला? फार थोडा. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा जातच नाही. प्लेगच्या इस्पितळांत हे रोज दिसत होतं: नातेवाईक रोग्याच्या उशाशी बसत, भरवत, अंग पुसत, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना रोग होई. डॉक्टर-परिचारिकांनाही तसंच. घरात मात्र एकापाठोपाठ एक माणूस पडे. याचा अर्थ रोग माणसात नसून घरात आहे, हे त्या इस्पितळांनी ओरडून सांगितलं होतं. ऐकायला वेळ लागला.

तिसरा थर जंतुसिद्धांताचा. यातही दोन भाग वेगळे काढले पाहिजेत, कारण एकानं घोळ घातला आणि दुसऱ्यानं जीव वाचवले.

घोळ असा. जंतू आहे हे कळलं, पण तो शरीरात शिरतो कुठून? सर्वांत जास्त गाठी जांघेत येतात. जांघेतल्या ग्रंथी पायांकडून येणारा रस गाळतात. मुंबईतले गरीब अनवाणी चालतात, जमिनी शेणानं सारवलेल्या. तेव्हा जंतू जमिनीत असणार आणि पायाच्या भेगांतून आत जाणार, असा तर्क झाला. तर्काची प्रत्येक पायरी नीट आहे, म्हणूनच तो इतका टिकला. त्यातून हात गेला जमिनीकडे: हजारात एक भाग मर्क्युरी परक्लोराईडचं द्रावण आणून घराघरांतून फरशा आणि भिंती भिजवणं. पाऱ्याचा हा क्षार जंतू नक्की मारतो. पण पुढे मुद्दाम तपासलं तेव्हा दिसलं, की शेणाच्या जमिनीवर जंतूंची भरपूर लागवड सांडली तरी दोन दिवसांपलीकडे ती रोग देऊ शकत नाही. जंतू तिथे मुळी टिकतच नव्हता.

जीव वाचवणारा भाग म्हणजे लस. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू झालं. पद्धत अशी होती. बकऱ्याचं मांस हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवून त्याचा रस्सा करायचा. गाय किंवा डुक्कर वापरलं तर हिंदू-मुसलमान दोघंही टोचून घेणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. रस्सा काचेच्या चंबूत घालून त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. प्लेगचा जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढतो, गुहेच्या छतावरून चुन्याचे सुळे लोंबावेत तसा. चंबू अधूनमधून हलवला की सुळे तुटून तळाशी बसतात आणि वर नवे धरतात. असं पाच-सहा आठवडे. मग सगळं ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक घालायचं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी १० घन सेंटिमीटरचा डोस स्वतःच्या शरीरात टोचून घेतला. चांगलाच ताप आला, गेला. त्या महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांना टोचलं. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं आणि निम्म्यांना नाही, म्हणजे घर तेच, उंदीर तेच, फरक फक्त लसीचा. टोचलेल्यांत मरणारे कितीतरी कमी निघाले.

इथे थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ही लस बनवताना हाफकिनना रोग कसा पसरतो हे माहीत नव्हतं. लसीला ते लागतही नाही. जंतू हवेतून येवो, पायातून येवो की आणखी कुठून, तो आत आल्यावर शरीर तयार असलं म्हणजे झालं. अर्धवट ज्ञानावरही काम करू शकणारं हे हत्यार आहे, आणि म्हणूनच साथीच्या पहिल्या वर्षांत त्याला इतकी किंमत असते.

अर्धवट स्वच्छतेवर मात्र ते चालत नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा हलली आणि मागणी लाखांत गेली. उत्पादन वाढवताना कार्बोलिक वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवणारी पद्धत घेतली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. हाफकिनना पदावरून दूर करण्यात आलं. पुढे कागद तपासले गेले तेव्हा दिसलं, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्यानं कार्बोलिकमध्ये नुसता बुडवला, ज्योतीवर धरला नाही, आणि त्यानंच बूच काढलं. धनुर्वाताचे बीजाणू कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवून मरत नाहीत. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. तोवर त्यांची हातातली उमेदीची वर्षं गेली होती. आज प्रत्येक लस-बाटलीवर खेप क्रमांक असतो आणि प्रत्येक टोचणीच्या नोंदीत तो लिहावा लागतो. मुल्कोवालची कहाणी वाचली की त्या आकड्याकडे पाहण्याची नजर बदलते.

आता राहिली वाट. रोग येतो कुठून?

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं काही रोग्यांच्या कातडीवर बारीक फोड पाहिले. फोड पायाच्या कोवळ्या कातडीवर, आणि त्यातल्या पाण्यात प्लेगचा जंतू. कुठला तरी कीटक चावल्यासारखे. त्याच्या डोक्यात उंदराची पिसू आली. २ जून १८९८ ला कराचीत त्यानं प्रयोग केला. मोठ्या काचेच्या बरणीत तळाशी वाळू, त्यात पिसवा असलेला प्लेगचा आजारी उंदीर. तो मरायला टेकल्यावर बारीक जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवून तो पिंजरा वाळूच्या थोडा वर टांगला. दोघांचा स्पर्श होऊ शकत नव्हता, पिसू मात्र उडी मारून जाळीतून आत जाऊ शकत होती. पाच-सहा दिवसांत निरोगी उंदीर प्लेगनं मेला. सिमाँनं ते छापलं. त्यानंतर भारतीय प्लेग कमिशननं सगळा पुरावा पाहून निकाल दिला, की रक्त पिणाऱ्या कीटकांचा प्लेग पसरवण्यात विचार करण्याचं कारण नाही.

यात दुष्टपणा नव्हता. इतरांना तो प्रयोग जमला नव्हता, कारण काहींनी वेगळ्या जातीच्या पिसवा घेतल्या होत्या आणि पिसवांच्या जाती तेव्हा नीट ओळखल्याही गेल्या नव्हत्या. उंदरावरच्या ज्या पिसूचं नाव आज झेनोप्सायला केओपिस, तिचं वर्णनच १९०३ मध्ये झालं.

ते कोडं मुंबईतच सुटलं. डॉ. ग्लेन लिस्टन या अधिकाऱ्यानं गिनीपिगला पिसवांचा सापळा केला: प्लेग झालेल्या खोलीत तो सोडायचा, रात्रीनंतर उचलून त्याच्या अंगावरच्या पिसवा विंचरून मोजायच्या आणि ओळखायच्या. ज्या चाळीत उंदीर नुकतेच मेले होते तिथल्या माणसांच्या अंगावरही त्याला उंदरांच्याच पिसवा सापडल्या. एरवी ही पिसू माणसाच्या वाटेला फारशी जात नाही. पण उंदीर मेला आणि त्याचं अंग गार झालं, की तिला दुसरं ऊबदार रक्त शोधावंच लागतं.

१९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगानं परळला छोट्या झोपड्या बांधून ही गोष्ट इंचा-इंचानं सिद्ध केली. प्लेग झालेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. पिसवा काढून टाकल्या असतील तर आजारी आईचं दूध पिणारी पिल्लंही सुखरूप राहिली. पिसवा सोडल्या की मरणं सुरू, आणि पिसवा जितक्या जास्त तितकी वेगानं. मग पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरचा गिनीपिग मेला, दोन फुटांवरचा जगला, कारण पिसूची उडी तिथवर पोचत नाही. जमिनीवरच्याच एका प्राण्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, तर तोही वाचला. हवा तीच, जमीन तीच. पाऱ्याच्या द्रावणानं धुतलेल्या खोल्यांतही गिनीपिग मेले. ते द्रावण जंतू मारत होतं, पिसू नाही. दोन इंच आणि दोन फूट यांच्यातल्या या फरकानं हवेचा, स्पर्शाचा आणि जमिनीचा असे तिन्ही सिद्धांत गाठीच्या प्लेगपुरते एकदम बाजूला सारले.

मुंबईतला क्रमही त्यांनी मोजला. आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत साथ, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. "उंदीर पडले" म्हटल्यावर गाव सोडणाऱ्यांच्या हाती एवढेच दिवस असत, आणि ते पुरत. पिसवा आणि उंदीर मागे घरात राहत.

पिसू जंतू शरीरात घालते कसा, हे १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवलं. जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी गोळा करून वाट बुजवतो. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते, ओढलेलं रक्त बोळ्यावर आपटून जंतूंसकट मागे जखमेत येतं. हवा २७-२८ अंशांच्या वर गेली की हा बोळा विरघळू लागतो. मुंबईची साथ दरवर्षी थंडीत चढून उन्हाळ्यात का उतरायची, याचं बरंचसं उत्तर त्या बोळ्यात आहे.

मग आधीचं सगळं वाया गेलं का? इथेच इतिहास मला सरळ रेषेत लिहवत नाही.

दूषित हवेच्या कल्पनेतून ९ डिसेंबर १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते कापले गेले ते समुद्राचा वारा गर्दीच्या वस्त्यांत शिरावा म्हणून. पाडलेल्या खोल्या जास्त, बांधलेल्या कमी, त्यामुळे उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली. प्लेगवर याचा उपयोग नाहीच, उलट अपायच. पण त्याच ट्रस्टनं दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या आणि त्याच्या अध्यक्षानं, जे. पी. ऑरनं, १९१२ मध्ये साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला: समोरच्या भिंतीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांत काढलेल्या रेषेच्या वर इमारत जाता कामा नये. सोप्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या निम्मं तरी अंतर समोर मोकळं हवं. प्लेगला याचा उपयोग नव्हता, क्षयाला होता. क्षयाचा जंतू खरोखरच हवेत तरंगतो. कोंदट खोलीत तासन्‌तास राहतो, वाहत्या हवेत विरून जातो आणि उन्हात मरतो. आठ मजली, म्हणजे सुमारे २४ मीटर उंच इमारतीसमोर ऑरच्या हिशेबानं १२ मीटर मोकळे हवेत. गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींत ते ३ मीटर ठेवले गेले, आणि तिथल्या पाहणीत उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या घरांत टीबी जास्त आढळला. हे वाचताना राग येतो. शंभर वर्षांपूर्वी चुकीच्या कारणासाठी का होईना, पण हे शहर एक बरोबर आकडा शिकलं होतं.

हवेच्या सिद्धांताची दुसरी सावलीही पडलेली आहे, उलट्या बाजूची. जंतुवाद्यांना 'वाईट हवा' ही कल्पना इतक्या कष्टानं हटवावी लागली, की रोग हवेतून पसरतो असं म्हणणंच मागासलेपणाचं ठरलं. १९१० मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स चॅपिननं हवेतून होणारा संसर्ग जवळजवळ नगण्य असल्याचं लिहिलं आणि ती शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालली. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं, त्यामागे हे जुनं भांडण होतं. आपण सगळ्यांनी भाजीच्या पिशव्या धुतल्या आणि खिडक्या बंद ठेवल्या. आज क्षय किंवा गोवराच्या रोग्यासाठी विलगीकरण खोली बांधताना तासाला किमान १२ वेळा हवा बदलावी असा नियम आहे. चॅडविकला तो वाचून समाधान वाटलं असतं.

संसर्गवादीही सर्वस्वी चुकले नव्हते. प्लेग फुप्फुसात गेला की खोकल्यातून थेट माणसाला लागतो आणि उपचार नसेल तर जवळजवळ कुणी वाचत नाही. १९१०-११ मध्ये मांचुरियात तोच पसरला, तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि जाळीच्या कापडाच्या थरांचा मुखपट्टा सक्तीचा केला. मुखपट्टा न लावलेले फ्रेंच डॉक्टर मेस्नी काही दिवसांत गेले. १८९७ चा तो चार कलमी कायदाही गेला नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं तोच लागू केला.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा फार झाल्याची आणि उंदीर पडत असल्याची तक्रार आली, आणि महिनाअखेर गाठी आलेले रोगी दिसू लागले. शब्द तेच, क्रम तोच. फरक एवढाच, की आता स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन होती आणि काम कोणत्या क्रमानं करायचं हे परळच्या झोपड्यांनी शिकवलं होतं.

तो क्रम असा. संध्याकाळी वस्तीतली सगळी बिळं मातीनं बुजवायची. सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती वाहती बिळं. त्यांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या ये-जा करण्याच्या वाटांवर कीटकनाशक भुकटी पसरायची, म्हणजे उंदीर ती स्वतःच अंगाला लावून आत नेतो आणि पिसवा बिळातच मरतात. या टप्प्याला विषाला हात लावायचा नाही. आधी उंदीर मारले तर प्रत्येक गार पडणाऱ्या अंगावरून भुकेल्या पिसवा उतरतील आणि जवळच्या माणसाकडे जातील. आमिषाची तयारी मात्र सुरू करता येते: दोन दिवस नुसतं भरड धान्य तेल लावून ठेवायचं, कारण उंदीर नव्या खाण्याला बिचकतो, मग ९६ भाग धान्य, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड हे विष असं मिश्रण, हातमोजे घालून, काठीनं कालवलेलं. पण ते ठेवण्याआधी सापळ्यात जिवंत धरलेले काही उंदीर पांढऱ्या तसराळ्यावर विंचरायचे, पडलेल्या पिसवा मोजायच्या आणि उंदरांच्या संख्येनं भागायचं. दर उंदरामागे झेनोप्सायला केओपिसचा आकडा १ च्या खाली आला, की मगच विष.